चहाची शिसवी तिपाई

थेडी क्रीडन उलट्या पावलांनी स्वतःच्याच स्वयंपाकघरात शिरत होता. तिपाईचा जाड खांब त्यानं छातीशी कवटाळला होता, आणि वरची पेटी शेजारच्या पेग हर्लिहीनं दोन्ही हातांनी सावरली होती. पेग साठीची विधवा. कितीही ओझं उचललं तरी बोलण्यापुरता श्वास तिच्यापाशी उरायचाच.

"तिरकी कर. अरे तिरकी, उभी नको! चौकट फोडशील," ती म्हणाली. "हे लाकूड आहे की शिसं?"

"शिसवी आहे," थेडी धापा टाकत म्हणाला. "कॉर्क शहरात घडवलेली. लिलाववाला म्हणाला, शंभर वर्षं होऊन गेली असतील."

"मग वजनही शंभर वर्षांचंच आहे बाई."

थेडीची बायको नोनी चुलीपाशी पावाचं पीठ मळत होती. तिनं मागं वळून पाहिलं आणि तिचे हात परातीतच थांबले.

तिपाई जमिनीवर टेकली. एकच गोल खांब, खाली सिंहाच्या पंजांसारखे तीन पाय, आणि वर झाकणाची, तळाकडे निमुळती होत गेलेली पेटी. गाढवगाडीवर भुरभुर पावसातून आल्यामुळं लाकूड ओलं झालं होतं, आणि त्यातल्या तांबूस-काळ्या रेषा नुकत्याच ओढल्यासारख्या दिसत होत्या. दलदलीतून कापून वाळवलेल्या टर्फच्या धुरानं काळवंडलेल्या भिंतीपुढं ती उभी राहिली, तेव्हा मोठ्या घरची बाई वाट चुकून गोठ्यात शिरावी तसं दिसलं.

"कशी आहे?" थेडीनं टोपीनं तोंड पुसलं. "किलबारा वाड्याच्या दिवाणखान्यातली. चहा ठेवायची. मोठे लोक चहा कुलपात ठेवायचे, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," नोनी म्हणाली.

"सगळं किलबारा गेलं आज," पेग म्हणाली. "मर्फीनं न्हाणीचा टब नेला, गुरांना पाणी पाजायला. पॅट शीनं पियानो घेतलाय. घराच्या दारातून जाईना, म्हणून कोंबड्यांकडं ठेवलाय. आता त्याची अंडी सुरात येतात का बघू. आणि मिस लेटी जिन्यापाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या, पाठ अशी ताठ, जणू लोक पाहुणे म्हणून आलेत. आज ना उद्या ते घरही पाडणार. जमीन सरकार वाटणार आहे म्हणे. आणि थेडी तर या तिपाईसाठी असा हटून बसला की—"

बोलता बोलता पेगनं तिपाईकडं पाहिलं, मग नोनीकडं पाहिलं, आणि ती गप्प झाली. पेग कधी अर्ध्या वाक्यावर गप्प होत नसे. तिनं शाल डोक्यावर ओढली, कोंबड्या कोंडायच्या राहिल्यात म्हणाली आणि निघून गेली.

थेडी झाकणाच्या कडेवरून अंगठा फिरवत होता. "चावी तेवढी नाही. हरवली म्हणाले. उद्या छिन्नी लावून उघडतो."

"छिन्नी लावायची नाही."

हे ती इतक्या जोरात बोलली की थेडीनं मान वर केली.

"लाकूड फुटेल," ती हळू आवाजात म्हणाली, आणि पुन्हा पीठ मळू लागली.

"बरं, नाही लावत. पण शुक्रवारी मिस्सेची प्रार्थना या खेपेला आपल्याकडं आहे. फादर येणार, सगळ्या वाडीतली माणसं येणार. तेव्हा ही उघडी पाहिजे, नोनी. तुझ्यासाठी आणलीय मी."

त्याच्या चेहऱ्यावर जत्रेतून काहीतरी घेऊन आलेल्या माणसाचा आनंद होता. नोनीनं पीठ थापलं, त्यावर सुरीनं क्रूस काढला, भांड्यात ठेवून झाकणावर निखारे घातले. तेवढ्या वेळात तिनं एकदाही तिपाईकडं पाहिलं नाही.

थेडी दुसऱ्या दिवशी दूध घालायला डेअरीकडं गेला, तेव्हा तिनं फळीवरची जुनी चादर काढून तिपाईवर टाकली. चादरीखाली ती एखाद्या बसलेल्या माणसासारखी दिसायला लागली, तेव्हा तिनं चादर काढली. मग पुन्हा टाकली.

छत्तीस वर्षांपूर्वी नोनी किलबारात कामाला होती. अठरा वर्षांची. पांढरा, खळ घातलेला ॲप्रन, डोक्यावर टोपी. घरात तिला नोनी म्हणत नसत, हनोरा म्हणत. दुपारी चार वाजता गरम पाण्याचं चांदीचं भांडं घेऊन दिवाणखान्यात जायचं, हे तिचं काम. थोरल्या मिसेस पर्डनच्या गळ्यात रेशमी फितीत ओवलेली चावी असायची. त्या तिपाईचं झाकण उघडायच्या. आत दोन डबे, एकात काळा चहा, एकात हिरवा. त्यांच्यामध्ये काचेचा वाडगा. त्या वाडग्यात दोन्ही चहा चमच्यानं मिसळायच्या आणि झाकण लावून पुन्हा कुलूप घालायच्या. नोनीला पाण्याचं भांडं धरून उभं राहण्यापलीकडं काही करायचं नसे.

ख्रिसमसनंतर चहा कमी पडायला लागला. पहिल्यांदा थोरल्या बाई नुसत्या कुरकुरल्या. फेब्रुवारीत एका दुपारी त्यांनी दोन्ही डबे नोनीपुढं धरले. तळ दिसत होता. त्या ओरडल्या नाहीत. "चावी माझ्या गळ्यात असते," त्या म्हणाल्या, "झोपेत कोणाचा हात तिथवर पोहोचतो, हनोरा?" सकाळी शेकोटी पेटवायला त्यांच्या झोपायच्या खोलीत नोनीच जायची. त्यांची मुलगी मिस लेटी खिडकीपाशी पाठ करून उभ्या होत्या. दिवस मावळायच्या आत नोनी आपलं बोचकं घेऊन फाटकाबाहेर होती. चांगल्या वर्तणुकीचं पत्र मिळालं नाही. तशा पत्राशिवाय कॉर्कमध्ये भांडी घासायलाही कुणी ठेवत नसे.

तिच्या तोंडावर कुणीही, कधीही काही बोललं नाही. ते फार वाईट होतं. चार वर्षांनी थेडीशी लग्न झालं. तो डोंगरापलीकडच्या गावचा, लग्न करून तिच्याच घरी राहायला आलेला; त्याच्या कानावर हे गेलेलं नाही, हे तिनं लग्नाच्या पहिल्याच महिन्यात ताडलं आणि देवाचे आभार मानले. दोन मुलं झाली, मोठी झाली, अमेरिकेला गेली. बत्तीस वर्षं तिनं ही गोष्ट घरात येऊ दिली नव्हती. आणि आता थेडीनंच ती गाडीत घालून, दाराची चौकट सांभाळत आत आणली होती.

बुधवारी दुपारी थेडी टर्फ आणायला दलदलीकडं गेला होता. नोनी मिस्सेसाठी भिंती पांढऱ्या करायला चुना कालवत होती. दाराच्या लावलेल्या खालच्या अर्ध्या भागापलीकडं कुणीतरी येऊन उभं राहिलं.

"मिसेस क्रीडन," मिस लेटी म्हणाल्या. "आत येऊ का?"

बहात्तर वर्षांची बाई दोन शेतं तुडवत आली होती. हॅटवरून पाणी ठिबकत होतं, बुटांना चिखल होता. नोनीनं हात पुसले, दार उघडलं, खुर्ची ॲप्रननं पुसली. मिस लेटी बसल्या. चादरीकडं बघत राहिल्या.

"इथं आहे तर."

"नवऱ्यानं आणली, मिस. मी नव्हतं सांगितलं."

"मी बघितलं ना. दुसऱ्या कुणी बोली लावली की ते त्या माणसाकडं असे बघत, की मारायलाच उठतील." मिस लेटींनी पिशवीतून रुमाल काढला, उलगडला आणि त्यातली पितळी चावी टेबलावर ठेवली. "ही हरवली नव्हती. मी लिलाववाल्याला दिली नव्हती. तिपाई कोण नेतं ते मला पाहायचं होतं. एखाद्या दलालानं नेली असती, तर मी चावी विहिरीत टाकून दिली असती. पण तुमच्या घरी आली. मग मला वाटलं, आता जायलाच हवं."

आकड्याला टांगलेली किटली कुजबुजायला लागली होती.

"तो चहा तू घेतला नव्हतास, हनोरा."

चुन्याच्या बादलीच्या कडेवर नोनीचा हात होता. तो तिथंच राहिला.

"माझी आई घेत होती," मिस लेटी म्हणाल्या. त्यांचा आवाज पाठ केलेलं म्हणताना येतो तसा सपाट होता. "तू गेल्यावरही कमी होतच राहिला. दुसरी मुलगी आली, तिला तर मी त्या खोलीत पाऊलही टाकू देत नव्हते. तरी कमी होतच राहिला. म्हणून मी पाळत ठेवली. एका सकाळी आई उठली, झाकण उघडलं, दोन्ही मुठी भरल्या आणि रॉबर्टच्या खोलीत गेली. त्याचे घोड्यावर बसायचे बूट कपाटात होते. दोन्ही बूट वरपर्यंत चहानं भरलेले. रॉबर्टनं तिकडून, आफ्रिकेतून लिहिलं होतं, इथं धड चहासुद्धा मिळत नाही. तो परत येईल तेव्हा त्याला कमी पडू नये, म्हणून ती साठवत होती." त्यांनी रुमालाची घडी घातली. "तो लढाईत पडल्याची तार डिसेंबरातच आली होती. तिच्याच हातात दिली होती मी."

"आठवतंय मला," नोनी म्हणाली. "तुम्हाला हे कधी कळलं?"

"मार्चमध्ये."

"कुठल्या मार्चमध्ये?"

"त्याच."

"माझी आई जूनमध्ये गेली," नोनी म्हणाली.

मिस लेटींनी हातमोजे काढले, मांडीवर ठेवले, पुन्हा घालायला घेतले.

"माझे काका तेव्हा आईला वेड्यांच्या इस्पितळात टाकायला टपलेले होते. त्यांना नुसतं निमित्त हवं होतं. हे बाहेर पडलं असतं, तर एका आठवड्यात तिला नेलं असतं. मला वाटलं, तू तरुण आहेस, तुला दुसरीकडं काम मिळेल."

"पत्राशिवाय, मिस?"

"ते मला तेव्हा सुचलं नाही." मग त्या म्हणाल्या, "नाही. सुचलं होतं. ईस्टरला मी टोपली पाठवली होती."

"आली होती. केक होता. डुकराचं मांस होतं." नोनी बादलीत काठी फिरवू लागली. "चहा नव्हता."

मिस लेटी हातमोज्याचं बटण लावू लागल्या.

"शुक्रवारी आमच्याकडं मिस्सा आहे," नोनी म्हणाली. आपण हे बोलणार आहोत हे तिलाही ठाऊक नव्हतं. "सगळी वाडी इथं असेल. फादर असतील. तुम्ही येऊन एवढं एकदा सांगाल? आत बसायला नको. दारात उभ्या राहूनच सांगा."

"मी उद्या सकाळच्या बसनं जाते आहे. भाच्याकडं, इंग्लंडला. तिकीट निघालंय."

"मग आत्ता फादरना सांगा. वाटेवरच घर आहे त्यांचं."

मिस लेटी उठल्या. उठताना त्यांना टेबलाचा आधार घ्यावा लागला.

"ती तिथं टेकडीवर पुरलेली आहे, हनोरा. सगळ्या गावानं तिला मान दिला होता. आता तिला स्वतःसाठी काही बोलता येत नाही."

"माझीही पुरलेलीच आहे," नोनी म्हणाली.

किटलीला आधण आलं. झाकण थडथडू लागलं. मिस लेटींची नजर नकळत तिकडं गेली, ओल्या, थकलेल्या माणसाची जाते तशी. या घरात आलेला भिकारीसुद्धा आजवर चहा न घेता गेला नव्हता. नोनीनं आकडा ओढला आणि किटली विस्तवावरून बाजूला घेतली.

मिस लेटींनी ते पाहिलं. त्यांनी मान किंचित लववली, जणू हे योग्यच झालं.

"चावी आधी उलटी फिरवायची," त्या दारातून म्हणाल्या. "अर्धा फेर उलटा, मग सुलटा. आईशिवाय कुणालाच जमायचं नाही." आणि त्या शेताच्या वाटेला लागल्या.

त्या बांधापलीकडं दिसेनाशा होईपर्यंत नोनी उभी होती. मग तिनं दाराचे वरचे-खालचे दोन्ही भाग लावून घेतले आणि चादर ओढून काढली. अर्धा फेर उलटा. मग सुलटा.

आतून वास आला. डबे कधीचे रिकामे होते, मखमल उंदरांनी कुरतडली होती, काचेच्या वाडग्याला तडा गेला होता. पण वास तिथंच होता. थोडा धुरकट, थोडा गोड. छत्तीस वर्षांपूर्वी पाण्याचं भांडं धरून उभी असताना याच वासानं तिच्या तोंडाला पाणी सुटायचं.

ती आपल्या आईच्या खुर्चीत बसली.

आईला छातीचा आजार होता. त्या हिवाळ्यात ती बिछान्यावरून उठली नाही. रविवारी नोनी घरी यायची, तेव्हा ती विचारायची, आज काय काय शिजलं, कोण कोण आलं होतं, चहा कसला होता. आणि एका रविवारी तिनं नोनीचं मनगट धरलं. "तिथला तो चांगला चहा, एक चिमूट आण गं," ती म्हणाली. "रुमालाच्या टोकात बांधून. एवढ्या मोठ्या घरात चिमटीचा हिशेब कोण ठेवतो? मरायच्या आधी एकदा चाखून बघते." नोनीनं हात सोडवून घेतला होता. अंगावर पांढरा ॲप्रन असलेली अठरा वर्षांची मुलगी होती ती. "मी चोर नाही, आई," ती म्हणाली होती. त्या घरात गेल्यापासून तिला स्वतःच्या घरातल्या माणसांची थोडी लाजच वाटायला लागली होती, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं नव्हतं.

त्यानंतर तीनच आठवड्यांनी ती बोचकं घेऊन घरी आली. काय झालं ते आईनं शांतपणे ऐकून घेतलं. मग भिंतीकडं तोंड केलं. "घेतलास तो घेतलास," ती म्हणाली, "आणि मला एक चिमूट आणली नाहीस." नोनीनं देवाची, सगळ्या संतांची शपथ घेतली. आई म्हणाली, "बरं." जूनपर्यंत ती नोनीशी नीट बोलायची, तिच्या हातचं खायची, पण त्या "बरं"च्या पुढं एक पाऊलही सरकली नाही.

आई असती, तर आता ते पाऊल सरकवता आलं असतं. मिस लेटींच्या तोंडचे शब्द अजून स्वयंपाकघरात होते. नोनी उठून उभी राहिली. छाती एवढी भरून आली होती की तिला बसवेना. हे कुणालातरी सांगायलाच हवं होतं. थेडीला सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार होतं, आणि बत्तीस वर्षं लपवलं म्हणून त्याचा रागही सोसावा लागणार होता. पण आता ती सांगू शकत होती. गोष्टीला आता शेवट होता.

गाडीची चाकं अंगणात वाजली. थेडी टर्फची टोपली घेऊन आत आला, टोपली कोपऱ्यात उलटी केली, आणि वळला तर समोर तिपाई उघडी.

"अगं उघडली!" तो लहान मुलासारखा जवळ आला. "फोडली नाहीस ना? चावी कुठली ही?"

"मिस लेटी आल्या होत्या."

"स्वतः? या चिखलातून?" त्यानं शीळ घातली. "म्हणजे म्हातारीला लाज आहे म्हणायची."

"कसली लाज?"

थेडीनं टोपी काढली. डब्याचं झाकण उघडलं, नाक आत घातलं, हुंगलं, बंद केलं. उत्तर द्यायला त्याला वेळ हवा होता, हे तिला दिसत होतं.

"थेडी," ती म्हणाली, "मला तुला एक सांगायचंय. लग्नाच्या आधीचं आहे. मी तुला कधी—"

"नको सांगूस. मला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"किलबाराचं. चहाचं." तो तिच्याकडं न बघता बोलत होता. "आपलं जुळवलं तो डॅन लेही, त्यानंच सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी. म्हणाला, पोरगी सोन्यासारखी आहे, पण एक गोष्ट आधीच ऐकून ठेव, नंतर मला शिव्या देऊ नकोस."

नोनी टेबलाच्या कडेला टेकली.

"आणि तू काही बोलला नाहीस? बत्तीस वर्षं?"

"काय बोलायचं? तू बोलत नव्हतीस. म्हटलं, तिला नको असेल." तो आता वळला. "पण मी बघत होतो, नोनी. लोकांच्या घरी मिस्सा असली की सगळ्या बायका चहा करतात, वाढतात. आणि तू कपबशा धुतेस. बत्तीस वर्षं तू दुसऱ्याच्या घरी चहाच्या डब्याला हात लावला नाहीस. पेगच्या घरीसुद्धा नाही. मला ते बघवायचं नाही. म्हणून सोमवारी ही बाहेर काढली, तेव्हा मी ठरवलं. म्हटलं, हीच घ्यायची. शुक्रवारी सगळ्यांच्या देखत, फादरच्या देखत ही तू उघडशील, तुझ्या हातानं चहा काढशील, आणि बघू कोण काय बोलतं."

त्यानं हे कितीदा मनात घोळवलं असेल, ते त्याच्या बोलण्यावरून कळत होतं. गाढव हाकताना, दूध नेताना.

"मी घेतला नव्हता, थेडी," ती म्हणाली.

"बरं," थेडी म्हणाला.

ती त्याच्याकडं बघत राहिली.

"बरं नको म्हणूस. मी घेतलाच नव्हता. थोरल्या बाईंचं डोकं फिरलं होतं. मुलाच्या बुटांत साठवत होत्या. मिस लेटींनी स्वतः सांगितलं आत्ता. या खुर्चीत बसून."

"सांगितलं त्यांनी तसं?" थेडीनं मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, कौतुक होतं. "चांगलं केलं. मी तिला नावं ठेवत होतो, पण चांगली बाई निघाली. आता कायमचं जायचं, तर कुणाच्या मनात सल ठेवून जाऊ नये, असं वाटलं असेल. स्वतःच्या आईवर घेतलं म्हणजे बघ. एवढं कोण करतं?"

"त्यांनी माझ्यासाठी नाही केलं. खरं आहे ते."

"हो गं, हो. खरंच आहे."

तो जवळ आला. टर्फच्या मातीनं काळा झालेला हात त्यानं तिच्या खांद्यावर ठेवला. त्याच्या तळव्यावरच्या भेगा तिला कापडातूनही जाणवल्या.

"आणि घेतला असतास तरी काय?" तो म्हणाला. "मला त्याचं कधीच वाईट वाटलं नाही. खरं सांगू? डॅन लेहीनं सांगितलं, तेव्हाच माझं ठरलं. तो म्हणाला, हिची आई छातीच्या आजारानं अंथरुणाला खिळली होती. मी म्हटलं, घरात मरणाला टेकलेली आई आहे, आणि पोरीच्या हाताशी रोज तो चहा आहे. जी पोर आईसाठी एवढी जोखीम घेते, ती माझ्यासाठीही घेईल. असली बायको मिळाली तर पुरे. दुसरी दोन स्थळं होती मला, ठाऊक आहे? एकीकडं चार गायी होत्या."

तो हसला. नोनी हसली नाही. तिला ती मुलगी दिसत होती, जिच्यासाठी थेडी डोंगर ओलांडून आला होता. ती रुमालाच्या टोकात चिमूट बांधून, थंडीत धावत घरी जात होती. आणि बिछान्यावरची बाई उठून बसत होती.

"आईसाठीच घेतलास ना?" थेडीनं विचारलं. अगदी हळू, जणू या घरात ते विचारायची परवानगी त्याला आजच मिळाली होती.

चुलीत टर्फ ढासळला.

"हो," ती म्हणाली. "आईसाठी."

"मला ठाऊकच होतं," थेडी म्हणाला. त्याचा चेहरा असा उजळला की तिला तिकडं बघवेना. ती पाव कापायला वळली.